आयदर माझा, ऑर तिचा

आधीच सांगून ठेवते, मी काही वाईट बाई नाही. फक्त एकदा, मोजून दीड मिनिट, गप्प बसले. एरवी मी गप्प बसले असं कुणी सांगितलं तर आमच्या घरात कुणी विश्वास ठेवणार नाही.

आम्ही दोघी सख्ख्या जावा. मी थोरली, ती धाकटी. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत अठरा वर्षं चादरींच्या घड्या घालतोय. डबल बेडची चादर एकटीने घडी होत नाही. दोन टोकं एकीकडे, दोन दुसरीकडे. मग दोघींनी झटका द्यायचा, ताणायची, काठाला काठ जुळवायचा. एकीने आपली टोकं घेऊन चालत जायचं आणि दुसरीच्या हातात द्यायची, तोवर दुसरीने खालची घडी उचलायची. घरी आमचं कितीही वाजलेलं असो, चादर हातात आली की आम्ही एक. भांडण तिथल्या तिथे थांबायचं आणि शेवटची चादर कपाटात गेली की जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू व्हायचं.

तर आमची सुपरवायझर निवृत्त झाली आणि तिची खुर्ची रिकामी पडली. चाकांची खुर्ची! शिवाय कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि सगळ्यांच्या रजेच्या अर्जावर सही. माझे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते, त्यामुळे ती खुर्ची मी मनातल्या मनात केव्हाच बसून पाहिली होती. पण अर्ज धाकटीनेही केला. म्हणजे उद्या ती सुपरवायझर झाली, तर मी तिच्यापुढे हात बांधून उभी राहणार आणि म्हणणार, "बाई, शुक्रवारी रजा हवी होती"? छे! त्यापेक्षा मी जन्मभर रजा घेतली नसती.

अट एकच होती. तोंडी इंग्रजीची परीक्षा. मॅनेजरबाईंना जोडीच्या शब्दांचं भारी वेड. त्यांची प्रत्येक सूचना आयदर-ऑर, नायदर-नॉर, नाहीतर नॉट ओन्ली-बट ऑल्सो. त्यामुळे परीक्षेतही तेच येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

आम्हाला शिकवायला मास्तर यायचे. ते पूर्वी याच हॉटेलात रिसेप्शनवर होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर खूप लिहिलं आणि आमच्या डोक्यात काडीचंही शिरलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आम्हाला घड्या घालताना पाहिलं आणि खडू खिशात टाकला.

"अहो, हेच तर आहे!" ते म्हणाले. "आयदर आला की ऑर यायलाच हवा. नायदर आला की नॉर. एकाने हात सोडला तर वाक्य जमिनीवर. आणि दोन्ही बाजू सारख्या हव्यात. इकडे वस्तूचं नाव, तर तिकडेही वस्तूचं नाव. इकडे काम, तर तिकडेही काम. एक बाजू लांब आणि एक आखूड झाली की चादर वाकडी."

हे मात्र लख्ख कळलं. त्या दिवसापासून आमचा अभ्यास चादरीवरच. मी टोकं घेऊन पुढे निघायची आणि म्हणायची, "आयदर वॉश द शीट..." धाकटी खालची घडी उचलत म्हणायची, "ऑर आयर्न द शीट!" मी, "नायदर द टॉवेल..." ती, "नॉर द नॅपकिन इज ड्राय!" तीन महिन्यांत दिवसाला दोनशे-सव्वादोनशे वाक्यं. मास्तर खूश. म्हणायचे, झोपेतून उठवलं तरी चुकणार नाही.

परीक्षेच्या दिवशी थोरली म्हणून मी आधी आत गेले. मॅनेजरबाईंच्या केबिनचं दार खालून चार बोटं आखूड आहे, हे पुढे कामी येणार आहे म्हणून सांगते. बाईंच्या एका कानाला फोन, समोर कागदांचा ढीग, मान खाली. सही करता करताच म्हणाल्या, "हं, आयदर वापरून वाक्य सांगा."

मी छातीठोकपणे सुरुवात केली. "आयदर वॉश द शीट..."

आणि थांबले. माझे दोन्ही हात आपोआप वर आले होते, चिमटीत टोकं धरल्यासारखे. समोरून कुणी घ्यायलाच येईना. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तीन महिन्यांत पुढचं अर्धं वाक्य मी एकदाही तोंडातून काढलेलं नव्हतं!

तेवढ्यात दाराखालून आवाज आला, "ऑर आयर्न द शीट!"

मी बाईंकडे पाहिलं. त्या फोनवर कुणाला तरी "हो, हो, होल्ड करा" म्हणत होत्या. पूर्ण वाक्य कानावर पडलं, त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. अठरा वर्षं एकत्र राहून आमचे आवाजही सारखेच झालेत, घरी फोनवर नवऱ्यांनासुद्धा ओळखू येत नाहीत. "आता नायदर," त्या म्हणाल्या. मी अर्धं टाकलं, दाराने उरलेलं अर्धं दिलं. नॉट ओन्लीचंही तसंच. पाच वाक्यं, पाच खुणा. मी तोऱ्यात बाहेर आले.

आता बाहेर मी आणि आत धाकटी. मी दाराला लागूनच उभी राहिले. आतून ऐकू आलं, "हं, आयदर वापरून वाक्य सांगा."

शांतता.

तिच्याकडे फक्त मागचं अर्धं होतं. पुढचं माझ्या जिभेवर बसलेलं. मी नुसतं तोंड उघडलं असतं तरी ते आपोआप बाहेर पडलं असतं, इतकी सवय. आत तिच्या चपला फरशीवर घासत होत्या. ती म्हणाली, "आयदर... आयदर..." आणि पुन्हा गप्प. मला रजेचे अर्ज दिसायला लागले. चाकांची खुर्ची दिसली, तिच्यावर बसून गरकन फिरणारी धाकटी दिसली. मग मी काय केलं? ॲप्रनचं टोक तोंडात कोंबलं आणि ओठ मिटून घेतले. घ्या, सांगून टाकलं.

मनाची समजूतही लगेच तयार होती. तिने तरी मला कुठे मुद्दाम मदत केली? सवयीने निघालं तिच्या तोंडून. उचकी लागते तसं.

सोमवारी मी खुर्चीवर बसले. मला वाटलं होतं धाकटी आदळआपट करील, घरी भांडी वाजवील. काहीच नाही. तिला घडीला एक नवी बाई मिळाली, आणि त्या बाईचे काठ काही केल्या काठाला लागेनात. मी काचेआडून बघायची आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून घ्यायची. गुडघ्यांना आराम होता. जिवाला नव्हता, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्याच आठवड्यात चादरी घडी न करताच टोपल्यांत पडून राहायला लागल्या. मॅनेजरबाई म्हणाल्या, "सूचना लावा. इंग्रजीत." मी सूचनांच्या फळ्यासाठी कागद घेतला आणि लिहिलं, की आयदर दुपारच्या बायका चार वाजायच्या आत सगळ्या चादरींच्या घड्या घालतील... आणि पेन तिथेच अडलं. ऑरच्या पुढे काय? अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी कागद टेबलावर ठेवून चहाला गेले.

परत येऊन बघते तर वाक्य पुरं! अक्षर धाकटीचं, तिरकं. मला इतकं हायसं वाटलं की मी ते वाचलंच नाही. तशीच सहीला घेऊन गेले. मॅनेजरबाई तर खूश. "वा! दोन्ही बाजू अगदी समान. असं हवं!" कागद फळ्यावर लागला.

बरोबर चार वाजता दुपारच्या सगळ्या बायका चपला घालून निघाल्या. टोपल्यांत चादरींचे डोंगर तसेच. मी ओरडले, "अगं, कुठे चाललात? सूचना वाचली नाही का?"

"वाचली ना," सगळ्यात पुढची म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली.

मग मी वाचली. आयदर दुपारच्या बायका चार वाजायच्या आत सगळ्या चादरींच्या घड्या घालतील, ऑर सुपरवायझर स्वतः चारनंतर सगळ्या चादरींच्या घड्या घालतील. खाली मॅनेजरबाईंची सही, टपोरी. तक्रार करायला गेले तर त्या म्हणाल्या, "सूचना तुमचीच ना? मग झालं तर."

दोनशे चाळीस चादरी. आणि मी एकटी. एक टोक हनुवटीखाली धरलं, एक खुर्चीच्या पाठीला अडकवलं, तर खुर्ची चाकांवरून चादरीसकट माझ्याच अंगावर आली. दुसरी चादर खिडकीच्या कडीला बांधून पाहिली. ती घडी बघून कुणीही म्हटलं असतं, यात भांडी बांधली आहेत. मी कपाळाला हात लावून टोपलीवरच बसले.

दारात चपला वाजल्या. धाकटी. खांद्याला पिशवी तशीच होती. तिने ती खाली ठेवली, एक चादर ओढली आणि दोन टोकं माझ्यासमोर धरली.

"धरा, ताई."

मी धरली. झटका दिला, ताणली. तोंडातून सवयीने आयदर येणार होता, पण दुसरंच आलं.

"त्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसले गं."

"माहीत आहे. दाराखालून तुमच्या चपला दिसत होत्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खोड जाते कुठे? म्हटलं, "आणि तू? तुझ्या तोंडून सवयीनेच निघालं ना?"

"सवयीने कसलं? दाराशी आडवी झाले, तोंड फरशीला लावलं आणि पाचही वेळा बोलले. दोन वेटर बघत होते."

मी जुळलेलेच काठ पुन्हा जुळवत बसले.

"चला, जागा बदला," ती म्हणाली. "पुढचं अर्धं आता मी घेते. मागचं तुम्ही शिका. पुढच्या वेळी आणखी कुणाला तरी तुमची खुर्ची हवी असेल, तेव्हा लागेल."

आम्ही जागा बदलल्या. ती टोकं घेऊन ऐटीत चालत आली, म्हणाली, "आयदर वॉश द शीट..." आणि टोकं माझ्या हातात देऊन थांबली. मी खालची घडी उचलायला वाकले. गुडघे असे कडाडले की तिलासुद्धा ऐकू गेलं. अठरा वर्षं, दिवसाला सव्वादोनशे वेळा, ही वाकायची बाजू तिची होती. चालायची माझी. आणि खुर्ची मला हवी होती, गुडघ्यांसाठी!

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. ऑर आयर्न द शीट," मी म्हणाले आणि दुसऱ्या चादरीसाठी हात पुढे केला. त्या दिवशी मी दोनशे चाळीस वेळा वाकले, आणि तिने मध्ये एकदाही जागा बदलू दिली नाही.