गुलाबच्या नावाचा पालक

सिंदीत रूपरावांच्या पालकाचं भारी कौतुक होतं. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेला माणूस, भाड्याच्या दोन खोल्या, त्याही माडीवर. ना अंगण, ना परस. तरी गड्यानं गच्चीवर पालक पिकवला. डालड्याचे रिकामे डबे, तेलाचे कापलेले पिपे, कान तुटलेलं एक घमेलं, जे मिळेल ते वर नेलं. बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, काळ्या मातीत शेणखत कालवलं, बी भिजवून टाकलं. आणि हे सगळं कोणासाठी? तर सुनेसाठी! ज्याला त्याला तेच सांगत सुटले होते.

सून गुलाब. पोटुशी होती. माहेरी करणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच. डॉक्टरीणबाईनं तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि रूपरावांनाच फैलावर घेतलं. "पोरीच्या अंगात रक्त नाही. रोज पालेभाजी पोटात गेली पाहिजे, नाहीतर बाळंतपण जड जाईल." रूपरावांना ते लागलं. खोटं कशाला बोला, माणूस मनानं वाईट नव्हता. सून त्यांना आवडायची. सासऱ्यासमोर पदर कधी ढळला नाही, तोंडातून शब्द कधी निघाला नाही, अशी सून कोणाला आवडणार नाही!

थंडीत पालक असा तरारला की बघत राहावं. रूपराव सकाळी बाहेरची पानं कात्रीनं कापत, मधला कोंब राखत, म्हणजे पुन्हा फुटवा येई. टोपली भरून बायकोसमोर, आनंदाबाईंसमोर ठेवत. "घे, डाळभाजी करजो. गुलाबचं रक्त वाढलं पायजे."

आनंदाबाई करत. लसणाची फोडणी, वरून शेंगदाणे. मग पाट मांडले जात. एकावर रूपराव, दुसऱ्यावर मुलगा घनश्याम, आणि वाढायला गुलाब. घरच्या पालकाची चवच न्यारी! बापलेक भुरके मारत. "वाढ अजून," रूपराव म्हणत, आणि गुलाब वाढी, हात आखडता न घेता. दोघं ढेकर देऊन उठले की सासू-सून बसत. भाजीचा रिकामा गंज भाकरीनं पुसून घेतला की झालं जेवण. अहो, जिच्यासाठी एवढी उठाठेव, तिच्या ताटात काय पडतं ते एकदा वाकून बघायला काय झालं होतं? पण पुरुषमाणूस कधी बायकांच्या ताटात बघतो का!

आनंदाबाईंच्या मनात एकदा आलं होतं, पोरीसाठी आधीच वाटीभर काढून ठेवावी. पण पुरुषांच्या आधी भाजीला हात लावायचा? त्यांच्या सासूनं त्यांना कधी लावू दिला नव्हता. तो विचार चुलीपाशीच राहिला.

दिवस भरले. कळा सुरू झाल्या तसं गुलाबला वर्ध्याच्या एका दवाखान्यात नेलं. पोरगी झाली, किरकोळ, पण जिवंत. गुलाबचं रक्त मात्र थांबेना. डॉक्टर बाहेर आला तो कडाडलाच. "पांढरीफटक पडलीय बाई. तिला काही खायला घालत होता की नाही?"

"काय बोलून राह्यले तुमी!" रूपराव भडकले. "म्या माह्या हातानं पालक लावला तिच्यासाठी. रोज खाल्ला तिनं. इचारा हिले!"

आनंदाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. जन्मात नवऱ्याला उलटून न बोललेली बाई. त्या म्हणाल्या, "तिनं नाई खाल्ला. तुमी खाल्ला."

"काय?"

"तुमी अन् घनश्यामनं. तुमी उठले का गंजात राह्यत काय होतं? दोन-दोनदा मांगून खाल्ला तुमी."

"मंग सांगितलं काऊन नाई मले?"

"तुमाले? जेवता जेवता?"

रूपराव सदऱ्याची बाही वर करत डॉक्टरच्या मागं धावले. "माहं घ्या साहेब, लागन तेवढं रक्त घ्या." तपासणाऱ्यानं बोट टोचलं, काच पाहिली आणि सहजच म्हणाला, "या वयात एवढं छान रक्त! खाता काय काका?" पण गट जुळला नाही. घनश्यामचाही जुळला नाही. नागपूरहून बाटली येईपर्यंत कोण थांबतं? दुपारी गुलाब गेली.

मयतीला सगळी गल्ली जमली. शेजारच्या वासुदेवरावांनी रूपरावांचा हात हातात घेतला. "तुमच्यासारखा सासरा म्या पाह्यला नाई, रूपरावजी. लेकीवानी केलं तुमी. पोरीचंच नशीब फुटकं."

आत तान्ही पोर भुकेनं टाहो फोडत होती. तिला मांडीवर घेऊन बसलेल्या आनंदाबाईंनी दारातून नवऱ्याकडं पाहिलं. आता तरी बोलतील, असं त्यांना वाटलं.

रूपरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. "हो ना जी," ते म्हणाले, "म्या तं माह्याकडून कायी कमी नाई केलं."