आईचं टचिंग

पहिल्या वर्षीच्या नकारात एक ओळ होती: काम अतिशय स्वच्छ आहे, पण त्यात कुठे धोका पत्करलेला दिसत नाही. दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच कॉलेजनं नकार दिला आणि त्यातही नेमका "स्वच्छ" हाच शब्द आला. चित्रकलेच्या पदव्युत्तर वर्गात कोणाला घ्यायचं यावर या लोकांचं आपसात कधी जमत नाही असं ऐकलं होतं. माझ्या बाबतीत मात्र त्यांचं छान जमलं.

स्वच्छ असणारच. मी फोटो स्टुडिओत वाढले. आमच्या दुकानाचा एकच नियम आहे आणि तो बाबांनी कुठे लिहून लावलेला नाही, कारण तो कोणी मोडेल असं त्यांना वाटलंच नाही. टचिंग केल्याशिवाय, म्हणजे डाग-सुरकुत्या पुसल्याशिवाय, चेहरा दुकानाबाहेर जात नाही. गिऱ्हाइकानं सांगितलेलं असो वा नसो. पूर्वी ते निगेटिव्हवर भिंग लावून, टोकदार पेन्सिलीनं, श्वास रोखून टचिंग करायचे. आता माऊसनं करतात, पण श्वास अजूनही रोखतात. एकदा एका गृहस्थांना सरकारी खिडकीवरून परत पाठवलं, कारण फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस एक नव्हे असं तिथल्या कारकुनाचं म्हणणं पडलं. गृहस्थ तणतणत दुकानात आले. बाबा तो अख्खा दिवस खुशीत होते.

मी बारा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तेच शिकले. व्रण कसा भरायचा, डोळ्याखालचं काळं कसं उचलायचं, गालावरची रेघ पूर्ण न पुसता तिचा जोर कसा काढून घ्यायचा. पुढे कॉलेजात चित्रकला शिकले, तरी हात तोच राहिला. कुठलाही रंग कॅनव्हासवर पडला की बोट आपोआप त्याच्या कडा पुसायला धावायचं. मला चित्रकार व्हायचं होतं आणि मी जन्मभर लोकांची तोंडं पुसत होते. पस्तिसावं लागलं तेव्हा हिशेब सोपा होता. मला परवडणाऱ्या चारही कॉलेजांत वयाची अट पस्तीस. म्हणजे हे शेवटचं वर्ष.

त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. नऊ महिने ती मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर होती. दुपारी दुकानात वर्दळ नसे तेव्हा मी तिच्याजवळ बसून चित्रं काढायचे. पहिल्यांदा तिनंच सांगितलं, "नुसती माझ्याकडे बघत बसू नकोस गं, मला कसंतरी होतं. हाताला काहीतरी काम दे." मग मी काढत गेले. सुया टोचून टोचून हातावर पडलेले निळे-पिवळे डाग काढले. ओठांच्या कोपऱ्यातली भेग काढली. उशीवर गळलेले केस, नळीच्या चिकटपट्टीनं सोललेली कातडी, सगळं. बोट पुसायला उचललं जायचं आणि मी ते मुठीत दाबून धरायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही पुसलं नाही. ती गेल्यावरही वर्षभर काढत राहिले आणि वीस कॅनव्हास झाले.

बाबा त्या खोलीत यायचे, आईला पाणी द्यायचे, उशी सारखी करायचे, पण चित्रांकडे बघायचे नाहीत. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलेले असत आणि ते तसेच असावेत याची ते काळजी घेत. मला वाटायचं, त्यांना आवडत नसतील. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अर्जाची तारीख जवळ आली आणि घोडं फोटोंवर अडलं. चित्रांचे फोटो नीट हवेत, उजेड सारखा हवा, रंग बदलता कामा नये. बाबा जेवता जेवता म्हणाले, "सोमवारी दुकान बंद असतं. मी काढतो. तू तुझा निबंध लिही." निबंध म्हणजे अर्जासोबत द्यायचं ते मनोगत. मला भरून आलं. आमच्या भागात त्यांच्याइतका उजेड कळणारा माणूस नाही, आणि ज्या चित्रांकडे त्यांनी कधी मान वळवली नाही ती ते स्वतःहून हातात घेणार होते.

सोमवारी सकाळी त्यांनी एकेक कॅनव्हास दोन्ही हातांनी छातीशी धरून स्टुडिओत नेला. दार लावून घेतलं. जेवायला हाक मारली तर "नंतर" म्हणाले. वीस फोटो काढायला तासभर पुरे. ते संध्याकाळपर्यंत आत होते. मला वाटलं, म्हातारपणी मन लावून काम करतायत.

मी इकडे मनोगतात अडकले होते. शेवटी लिहिलं ते असं: "मी चेहरे साफ करणाऱ्या घरात वाढले. माझ्या आईच्या आजारपणात मी पुसणं थांबवलं. या वीस चित्रांत जे डाग आहेत ते मी जसे पाहिले तसे ठेवले आहेत." तीनच वाक्यं, पण ती लिहायला मला तीन आठवडे लागले होते. आमच्या जुन्या ड्रॉइंगच्या सरांनी शिफारसपत्रात लिहिलं की ही विद्यार्थिनी वेळेवर येते आणि ब्रश धुऊन ठेवते. तेही जोडलं.

मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. बाबांनी वीस फोटो एका फोल्डरमध्ये नीट क्रमानं नावं घालून दिले. मी ते चारही अर्जांना जोडले. कॉलेजच्या वेबसाइटवर ते नखाएवढे दिसत होते. एकेक उघडून मोठा करून बघता आला असता, वेळही होता. मी उघडले नाहीत. तिला पुन्हा एवढी मोठी, एवढ्या जवळून बघवेना मला. चित्रं काढताना हात चालू होता म्हणून निभावलं. नुसतं बघायचं धैर्य माझ्यात नव्हतं. पाचला दहा मिनिटं कमी असताना मी बटण दाबलं.

तीन कॉलेजांनी परस्पर नाही म्हटलं. चौथ्यानं मुलाखतीला बोलावलं.

त्या ईमेलनं घरात जे झालं ते सांगायला लाज वाटते. मी नव्या ब्रशांची यादी केली. बाबांनी दुकानाच्या पाटीचा रंग बदलायचा विचार बोलून दाखवला, त्याचा याच्याशी काय संबंध ते त्यांनाच ठाऊक. मुलाखत कॉम्प्युटरवरूनच होणार होती. ती स्टुडिओतच द्यायची असं त्यांनी जाहीर केलं, कारण दुसरीकडे मुलीचा चेहरा नीट दिसणार नाही.

सकाळी दहा वाजता त्यांनी मला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं. दोन दिवे लावले, एक पांढऱ्या कापडातून. समोर टेबलावर लॅपटॉप. "कपाळ चमकतंय," म्हणत कागदी रुमाल दिला. मग ते लॅपटॉपच्या मागे, कॅमेरा जिथे असतो तिथे, चंदेरी पत्र्याचा रिफ्लेक्टर धरून उभे राहिले. तिथून त्यांना स्क्रीन दिसत नव्हती. फक्त मी दिसत होते.

समोर तिघे जण आले. मधल्या बाई प्रमुख होत्या, जाड चष्म्याच्या. दोन्ही बाजूंना दोन शिक्षक. बाईंचा आवाज मऊ होता. त्या म्हणाल्या, "तुमचं मनोगत आम्हाला फार आवडलं. खरं सांगायचं तर त्यासाठीच बोलावलं. पण आता चित्रं समोर ठेवून बोलू या." आणि त्यांनी माझं पहिलं चित्र स्क्रीनभर लावलं.

स्क्रीनवर आई होती. पलंग तोच, खिडकी तीच, हात चादरीवर ठेवलेले तसेच. पण हातांवर एकही डाग नव्हता. ओठ भरलेले होते. गालाचा खड्डा कोणीतरी इतक्या बेतानं उचलला होता, की जोर तेवढा गेला होता आणि गाल आईचाच राहिला होता. चादरीवरचा पिवळा डागही गेला होता. ते टचिंग मी कुठेही ओळखलं असतं. बाईंनी पुढचं लावलं, मग त्याच्या पुढचं. विसाव्या चित्रात तर ती दुपारची झोप काढून नुकतीच उठली असावी अशी दिसत होती.

"तुम्ही लिहिलंय, पुसणं थांबवलं," बाई म्हणाल्या. "आम्ही तिघांनीही शोधलं. आम्हाला डाग सापडले नाहीत. काम फार म्हणजे फारच स्वच्छ आहे."

मी लॅपटॉपच्या वर पाहिलं. बाबांनी ते शेवटचं वाक्य ऐकलं होतं. रिफ्लेक्टरच्या कडेवरून त्यांचा चेहरा असा उजळला होता, की कोणी त्यांच्यावरच दिवा टाकलाय असं वाटावं. त्यांच्या लेखी याहून मोठी शाबासकी जगात नाही.

खरे कॅनव्हास मागच्या खोलीत होते, दहा पावलांवर. एक उचलून आणला असता, कॅमेऱ्यासमोर धरला असता. मग सांगावं लागलं असतं की हे फोटो माझ्या चित्रांचे नव्हेत, यांच्यावर हात फिरवला गेलाय आणि तो कोणाचा. ते त्यांच्यादेखत सांगावं लागलं असतं. ते रिफ्लेक्टर धरून उभे होते आणि त्याचा उजेड माझ्या गालावर किंचित हलत होता.

बाईंच्या शेजारचे एक शिक्षक म्हणाले, "म्हणजे हे जाणूनबुजून आहे का? लिहायचं एक आणि दाखवायचं दुसरं? तसं असेल तर तेही ऐकायला आवडेल."

किती दयाळू माणूस. त्यानं मला दार उघडून दिलं होतं. खोटं तर खोटं, पण आत जाता आलं असतं. त्या क्षणी मला राग आला नाही, दुःखही झालं नाही. दोन वर्षांनी आई बरी दिसत होती आणि मी तिच्याकडे बघत होते, एवढंच झालं. मनोगतातली माझी तीन वाक्यं मला आठवेनात.

"नाही," मी म्हटलं. "मला थांबवता आलं नाही. सवय आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "प्रामाणिकपणाबद्दल आभार." पुढचे प्रश्न शिष्टाचाराचे होते. बोलता बोलता माझी मान खाली गेली असावी, कारण बाबांनी बोटानं खूण केली, रोज गिऱ्हाइकांना करतात ती. हनुवटी जरा वर.

दिवे मालवल्यावर ते म्हणाले, "ऐकलंस ना? स्वच्छ काम म्हणाल्या बाई."

"बाबा, चित्रांवर टचिंग केलंत?"

"अगदी थोडं." ते दिव्याची वायर गुंडाळत होते. "जेवढं दिसायला बरं नव्हतं तेवढंच. तुझं चित्र तसंच आहे, त्याला मी हात लावला नाही."

"का पण?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "अगं, चार परक्या माणसांसमोर तिला तशी पाठवायची? ती गेली असती का? कोपऱ्यावर भाजी आणायला निघाली तरी आरशात बघून जायची." वायरीचं वेटोळं त्यांनी खुंटीला लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी खूप वेळ लागला मला. जेवढं पुसावं तेवढं खालून आणखी निघायचं. नऊ महिने मी त्या खोलीत होतो आणि मला एवढं दिसलंच नव्हतं." आणि विचारलं, "काही चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हटलं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून रडले. त्यांचा मला इतका राग आला होता, की तो त्यांना दाखवला असता तर आमच्या दोघांत काही शिल्लक राहिलं नसतं.

पत्र पंधरा दिवसांनी आलं. त्यात काय असणार ते मला माहीत होतं. बाबांना मात्र धक्का बसला. "वशिला लागत असेल," ते म्हणाले आणि दोन दिवस त्या कॉलेजचा उद्धार करत राहिले. पुढच्या महिन्यात मला पस्तीस वर्षं पूर्ण झाली.

खरे कॅनव्हास अजून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आहेत. एकदा एक उलटा केला, बघितला आणि पुन्हा फिरवून ठेवला. चांगला आहे. हे मी आता कोणाला सांगू?

त्यानंतर काही दिवसांनी बाबांनी घुटमळत विचारलं, "त्या वीस फोटोंतला एक मोठा काढू का? दुकानात लावायला. तिचा अलीकडचा एकही फोटो नाही आपल्याकडे." मी कागद निवडून दिला. प्रिंट निघाल्यावर डाव्या हाताच्या मनगटाजवळ त्यांच्या नजरेतून सुटलेला एक निळसर ठिपका मला दिसला. बाबांनी चष्मा पुढे-मागे करून बघितलं, पण त्यांना काही दिसेना. मी तो तसाच राहू दिला. फ्रेम करून आम्ही ते काउंटरच्या मागे लावलं.

गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघतात. कोणी विचारतं, काय सुंदर चित्र आहे, कोणी काढलं? बाबा लगेच सांगतात, "माझ्या मुलीनं. त्या कॉलेजवाल्यांना कळलं नाही, जाऊ द्या." मग ते गिऱ्हाईक कौतुकानं माझ्याकडे वळतं. मी कॅमेऱ्याला डोळा लावते आणि म्हणते, हनुवटी जरा वर.