विमलबाईचे डावे टाके

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. माझे वय मात्र विचारू नका, कारण ते कुठून मोजायचे हे मलाच ठाऊक नाही. माझ्यातले एक लुगडे सत्तर वर्षांपूर्वीचे आहे आणि शाळेच्या निळ्या गणवेशाचा एक तुकडा परवापरवाचा. वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरी गावात विमलबाईने मला शिवले. ती डावखुरी होती. साऱ्या गावातल्या बायकांचे टाके एका बाजूला झुकतात, तिचे दुसऱ्या बाजूला. म्हणून तिची गोधडी दहा गोधड्यांतून ओळखू येई, आणि मला त्याचा थोडा गर्वही होता. अजूनही आहे.

आमच्या घरचा एक रिवाज तुम्हाला सांगायलाच हवा. घरातल्या प्रत्येक माणसाच्या कपड्याचा एक तुकडा माझ्यात असतो. जिवंत माणसाचा तुकडा वरच्या बाजूला. माणूस गेले की विमलबाई त्याचा तुकडा उसवायची आणि खालच्या बाजूला, अंगाला लागेल असा शिवायची. "जित्यानं वारं झेलावं, गेलेल्यानं ऊब द्यावी," असे ती म्हणे. घर बौद्ध, भुताखेतांवर कोणाचाच विश्वास नाही. कोणी हसले तर ती ठणकावून सांगे, "भूतबित काई नसते बाप्पा. हे आठवण हाये, बस." माझाही भुतांवर विश्वास नाही. तरीपण जे घडले ते घडले, आणि मी ते जसेच्या तसे सांगणार आहे.

विमलबाईचा मुलगा संघदीप. त्याची मुलगी वैजयंती. ती सात वर्षांची असताना तिची आई वारली. लेकरू घाबरेल म्हणून तिला किन्हीराजा गावी मावशीकडे धाडले आणि आठ दिवसांनी परत आणले. तोवर सारे आटोपले होते. घरात आल्यावर तिने आईला हाक मारली नाही. तिने मला उलटे केले आणि खालच्या बाजूला आईच्या पोपटी साडीचा तुकडा पाहिला. त्या दिवशी कोणीच तिला काही सांगितले नाही. तिला जे कळले ते माझ्याकडून कळले. ते काम मला आवडले नव्हते.

पुढे वैजयंती हुशार निघाली. अकरावीत असताना जपानला जाणाऱ्या विद्यार्थ्यांत तिची निवड झाली. तीन आठवडे टोकियोत एका कुटुंबात राहायचे, तिथल्या शाळेत बसायचे, शहर पाहायचे. गावात पेढे वाटले गेले. विमलबाईच्या छातीत मात्र उन्हाळ्यापासूनच दुखत होते, म्हणून पोरीचा पाय निघेना.

"काई झालं तं मले सांगसान का?" तिने बापाला विचारले.

"सांगीन ना."

"मायच्या वक्ती नाई सांगतलं तुमी."

तेव्हा विमलबाई बॅगेत जवसाची चटणी कोंबत म्हणाली, "ह्यानं नाई सांगतलं तं मी सोता सांगीन. आता जाय. अन् हे गोदडी ने, तिकडं थंडी असते म्हणे."

अशी मी विमानात बसले. बॅगेच्या तळाशी, चटणीच्या वासात, पण बसले!

मित्रांनो, टोकियोत मी नवव्या मजल्यावर राहिले. घरच्या बाईंना वैजयंती 'ओकासान' म्हणे. तिकडे आईला तसेच म्हणतात. ओकासान मला पाहून हसतील अशी मला धास्ती होती, पण त्यांनी माझे टाके बोटाने हळूच मोजले आणि मान लववली. शिवाय तिकडचे लोक रोज सकाळी आपली अंथरुणे गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकतात. हे पाहून माझा जीव भांड्यात पडला. इतक्या दूर आले, तरी ऊन दाखवायची रीत तीच. मोठमोठ्या चिमट्यांनी मला कठड्याला अडकवले जाई आणि मी दिवसभर ते अफाट शहर पाहत बसे.

वैजयंती रोज संध्याकाळी माझ्यावर बसून दिवसभराच्या गोष्टी सांगे. देवळाच्या दारातला माणसापेक्षा मोठा लाल कंदील. शेकडो माणसे एकदम ओलांडतात तो चौक, आणि तरी कोणाचा कोणाला धक्का नाही. मग ती घरी फोन लावी. पहिले दोन आठवडे विमलबाई फोनवर ओरडून बोलायची, कारण देश लांब तर आवाज मोठा हवा, असा तिचा हिशेब. नंतर ती फोनवर येईनाशी झाली.

"आजी कुटं हाये?"

"शेजारी गेली."

दुसऱ्या दिवशी, "झोपली." तिसऱ्या दिवशी, "दवाखान्यात दाखवाले नेलं होतं, थकली, पडून हाये." चौथ्या दिवशी संघदीपने रेंज नाही म्हणून फोनच ठेवला.

पाचवा दिवस. वैजयंती उंच मनोरा पाहायला गेली होती आणि ओकासान कामावर. सकाळचे अकरा वाजले असतील. लख्ख ऊन होते, वाऱ्याचे नाव नव्हते. मी कठड्यावर निवांत पसरले होते, आणि माझा एक टाका निघाला.

आधी वाटले, जुना दोरा आहे, तुटला असेल. मग दुसरा निघाला. तिसरा. कोणीतरी घाई न करता उसवत होते. मला उसवताना दुखत नाही, फक्त गार लागते. त्या भर उन्हात मी गार पडले. विमलबाईच्या जांभळ्या नऊवारीचा वरचा तुकडा सुटून आला, पण खाली रस्त्यावर पडला नाही. तो उचलला गेला, वळवला गेला आणि माझ्या खालच्या बाजूला, पोपटी तुकड्याशेजारी टेकला. मग सुई शिरू लागली. निलगिरी तेलाचा वास आला. विमलबाई गुडघ्यांना तेच लावायची. शेवटी दोरा दाताने तोडल्याचा आवाज झाला. गॅलरीत कोणीही नव्हते, हे मी शपथेवर सांगते.

वैजयंती आली तेव्हा तिच्या हातात मनोऱ्याचे छोटे चित्र होते, आजीसाठी घेतलेले. मला घडी घालायला तिने उचलले आणि थांबली. वर जांभळ्याच्या जागी नुसते पांढरे अस्तर. तिने मला उलटे केले. दहा वर्षांपूर्वी केले होते तसेच.

तिने ओकासानना विचारले. त्यांनी हात हलवून नाही म्हटले आणि टाक्यांकडे निरखून पाहिले. मग आपला उजवा हात पुढे करून दाखवला. हे टाके डाव्या हाताचे होते.

वैजयंतीने घरी व्हिडिओ कॉल लावला. फक्त माझी खालची बाजू फोनसमोर धरली.

संघदीपचा चेहरा पांढराफटक पडला. "तुले कोनं सांगतलं?"

"आजीनं. थे म्हनली होती, मी सोता सांगीन."

"पोरी, चार रोज झाले," तो रडू लागला. "तू फिरून राह्यली होती, खुशीत होती. कायले तुहं मन मोडावं, असं वाटलं."

"बाबा, मले दुसऱ्यांदा लपवलं तुमी."

विमलबाईने चार दिवस मुलाची वाट पाहिली असावी. त्याने सांगितले असते, तर तिला एवढ्या लांब यावे लागले नसते.

दोन दिवसांनी इंझोरीत विमलबाईच्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वैजयंती मला पांघरून फोनसमोर बसली आणि टोकियोतून तिने त्रिशरण पंचशील म्हटले. ओकासान शेजारी हात जोडून बसल्या होत्या. आईच्या वेळी जे रडणे राहून गेले होते, तेही ती त्या दिवशी रडली. माझी एक बाजू पार भिजली.

आता आम्ही घरी परतलो आहोत. मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी गोधडी असेल तर तिला कपाटात कोंबू नका. ऊन दाखवा, उसवलेले वेळेवर शिवा. आणि दूर गेलेल्या लेकराला खरे ते सांगा. वाईट बातमीपेक्षा तिचे लपवणे जास्त काळ बोचते.

हे सांगायची घाई मला आज एका कारणाने झाली आहे. मी अंगणात दोरीवर वाळते आहे. माझ्या वरच्या बाजूला आता दोनच तुकडे उरले आहेत, वैजयंतीचा निळा गणवेश आणि संघदीपचा चौकड्याचा सदरा. आठवडाभर तो छाती चोळतो आहे आणि लेकीला म्हणतो, "काई नाई वं, गॅस हाये." आज सकाळपासून ऊन लख्ख आहे, वारा नाही, आणि चौकड्याच्या कडेचा एक टाका सैल होतो आहे. वैजयंती आत भाकरी थापते आहे. थोड्या वेळाने ती मला उचलायला येईल आणि तिला तो दिसेल. तोवर मी तो टाका जीव खाऊन धरून ठेवला आहे.