चोरीला न गेलेलं सिंक

मित्रांनो, मी एक जुनं सिंक आहे. स्टीलचं, एका भांड्याचं, डाव्या हाताला ताटं निथळायची जागा असलेलं. माझा जन्म कारखान्यात झाला. एका मोठ्या यंत्राने मला वरून दाबलं आणि माझ्यात खड्डा पडला. असा प्रसंग आला की पुष्कळजण खचून जातात. माझा मात्र त्या दिवसापासून उपयोग सुरू झाला.

तिथून माझी रवानगी झाली जर्मनीतल्या लाइपझिग शहरात, हिल्ट्रुड पोशेल ह्या बाईंकडे. पोशेलबाई ट्राम चालवायच्या. ट्राम रूळ सोडत नाही, तशा बाई नियम सोडत नसत. भांडी झाली की मला कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि म्हणायच्या, "आता कसं माणसासारखं दिसतंय." मी सिंक आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण कौतुक ते कौतुकच.

तुमच्यापैकी कोणी आमच्या गावी राहायला येणार असाल, तर एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. इथे घर भाड्याने घेतलं की बहुतेक वेळा भिंती मिळतात. स्वयंपाकघर घराचं नसतं, माणसाचं असतं. माणूस घर बदलतो तेव्हा पलंग नेतो, पडदे नेतो, छताचे दिवे नेतो, आणि ओटा, कपाटं, शेगडी, सिंक हेही उचलून नेतो. मागे भिंतीतून दोन नळ्या तेवढ्या डोकावत राहतात. मीही बाईंबरोबर बरीच घरं फिरलो. एकदा त्यांनी मला ट्राममधून नेलं आणि माझं तिकीट काढलं. तपासनीस म्हणाला, सिंकला तिकीट लागत नाही. "पण ते सीटवर बसलंय," बाई म्हणाल्या.

शेवटी आम्ही एका चौथ्या मजल्यावर स्थिरावलो. पुढे बाईंच्या गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला, म्हणून त्यांनी त्याच इमारतीतली तळमजल्याची जागा धरली. वरची जागा रिकामी होणार हे कळल्यावर लोक बघायला यायला लागले. त्यात आला नुगझार किकनाद्झे. तिब्लिसी ह्या परदेशातल्या शहराचा तरुण इंजिनीअर, इथे पूल बांधायच्या कंपनीत नव्याने लागलेला. त्याने मला टिचकी मारली, नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला, आणि माझा फोटो काढून बायकोला पाठवला. बायको माका अजून तिब्लिसीतच होती, चांगल्या नोकरीत. ती नोकरी सोडून यायचं की नाही, हे तिची आई त्सियाला लाइपझिगला येऊन घर बघून सांगणार होती. फोटोवर आईचं उत्तर आलं, "सिंक बरं आहे. बाकीचं येऊन बघते." लग्न झाल्यापासून सासूने जावयाच्या कुठल्याही गोष्टीला बरं म्हणण्याची ही पहिलीच वेळ. ती गोष्ट म्हणजे मी. मला फार जबाबदारी वाटली.

त्यानंतर बाईंनी मला उचकटलं. खरं म्हणजे तळमजल्यावरच्या जागेत जुना भाडेकरू स्वयंपाकघर मागे ठेवून गेला होता. असं सहसा कोणी करत नाही, त्यामुळे जिन्यात लोक त्याच्याबद्दल दबक्या आवाजात बोलत. म्हणजे मला न्यायची गरज नव्हती. पण बाईंनी तत्त्व म्हणून नेलं. खालच्या सिंकचा पाईप गळत होता, म्हणून माझा वाकडा पाईप त्याला बसवला, आणि मला ओट्याच्या फळीसकट आणि खालच्या कपाटासकट तळघरात सायकलींच्या मागे ठेवलं. तिथे मी धूळ खात पडलो. कोणी पुसेना, कोणी टिचकी मारेना.

वरती नुगझार किल्ली घेऊन आला. सासू रविवारी दुपारी यायची होती. दार उघडलं तर स्वयंपाकघर नाही. तो सरळ पोलीस चौकीत गेला. पुढचं संभाषण त्याने माझ्यासमोर इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होतो असंच मला वाटतं.

"चोरी झालीय," नुगझार म्हणाला.

"काय गेलं?" हवालदाराने विचारलं.

"स्वयंपाकघर."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "ते तुमचं होतं का?"

"घर बघायला गेलो तेव्हा तिथेच होतं. मी डोळ्यांनी बघितलं."

"तिथे एक बाईही असतील."

"होत्या की."

"मग आता त्याही तिथेच असायला हव्या होत्या का?"

नुगझार तक्रार न लिहिताच निघाला. तो घरी येऊन आंघोळीच्या टबात कपबशा विसळू लागला. कोथिंबीर त्याने शॉवरखाली धुतली आणि अंडं कपड्यांच्या इस्त्रीवर तळलं. इस्त्री "लोकरी" वर ठेवली की अंडं मऊ राहतं, असं त्याचं म्हणणं.

चौकीतली गोष्ट इमारतीत पोचायला वेळ लागला नाही. शनिवारी संध्याकाळी पोशेलबाई गुडघ्यांना न विचारता चौथा मजला चढून आल्या.

"अहो किकनाद्झे, तुम्ही माझ्यावर चोरीचा आळ घेतलात म्हणे."

"तुमच्यावर नाही हो बाई. चोरावर."

"चोर मीच ना पण. ओटा मीच नेला."

"मग तुम्ही चोर नाही."

"ते मला माहितीय. तुम्हाला माहिती असायला हवं होतं." बाईंनी टबातल्या कपबशा पाहिल्या, इस्त्रीकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "हे काय चाललंय?"

नुगझारने सासूचं, माकाचं, फोटोचं सगळं सांगितलं. बाई तडक वळल्या. त्याला घेऊन तळघरात आल्या आणि सायकली बाजूला सारल्या. मला बघून नुगझारचे डोळे भरून आले. माझ्याकडे बघून आजवर असं कोणी रडलं नव्हतं. कांदा चिरतानाची गोष्ट वेगळी.

दोघांनी मला वर आणलं. नळ बसला. पण पाईप खाली बाईंच्या सिंकला इतका घट्ट बसलेला की निघेना, आणि हार्डवेअरचं दुकान बंद होऊन गेलेलं. दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी इथे दुकान उघडत नाही, भिंतीला ड्रिल लावत नाहीत, रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या काच गोळा करायच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. तेव्हा किराणा शनिवारीच भरून ठेवा, मित्रांनो. पाईपसुद्धा. नुगझारने माझ्या भोकाखाली बादली ठेवली आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

रविवारी त्सियालाबाई आल्या. सोबत चीजचा गोळा, अक्रोडाची पूड आणि आंबट आलुबुखाऱ्याच्या चटणीची बरणी. खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी, भाजायला पोशेलबाईंचा ओव्हन मिळाला, म्हणून त्यांनाही जेवायला बोलावलं. खोक्यांवर चादर टाकून पंगत बसली. सासूबाई खोल्या बघत होत्या, खिडक्या बघत होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या आणि चिकट ताटांची चळत घेऊन माझ्याकडे वळल्या.

"आई, राहू द्या," नुगझार मध्ये आला.

"का?"

"रविवार आहे. जर्मनीत रविवारी भांडी घासायला बंदी आहे."

सासूने त्याला नीट न्याहाळलं. "कायद्याने?"

"कायद्याने."

"मग ही ताटं उद्यापर्यंत अशीच?"

"अख्खं गाव असंच करतं, आई. सोमवारी सकाळी मोठा आवाज होतो."

त्सियालाबाई पोशेलबाईंकडे वळल्या. इथे नुगझारचा हिशेब चुकला. सासूबाईंना रशियन येत होतं, आणि पोशेलबाईंना पूर्व जर्मनीच्या काळात शाळेत रशियन सक्तीचं होतं. त्यानंतर ते त्यांनी कधी वापरलंच नव्हतं, त्यामुळे कोरं करकरीत होतं.

"रविवारी भांडी बंद?" सासूबाईंनी विचारलं.

पोशेलबाईंनी नुगझारकडे पाहिलं. तो हात जोडून उभा होता. आयुष्यात कधी मोकळ्या रस्त्यातसुद्धा लाल सिग्नल न ओलांडलेली बाई. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते माझ्या पत्र्यात दिसत होतं.

"बंदी आवाजाला," त्या एकेक शब्द शोधत म्हणाल्या. "भांडी चालतात. हे सिंक चालत नाही. पाईप माझ्याकडे. दोष माझा." आणि खाली वाकून त्यांनी कपाटाचं दार उघडलं.

बादली दिसली.  मला भोकात तोंड लपवावंसं वाटलं, पण भोक माझंच.

त्सियालाबाई वाकल्या, बादली बघितली, सरळ उभ्या राहिल्या आणि नळ सोडला. "जावईबापू, तुम्ही बादली ओता. भरली की ओता. आम्ही घासतो."

त्या दोघी घासत राहिल्या, अक्रोड कसा चिकटतो ह्यावर मोडक्या रशियनमध्ये बोलत राहिल्या, आणि नुगझार बादली घेऊन न्हाणीघराच्या फेऱ्या मारत राहिला. मग सासूबाईंनी हात पुसले आणि माकाला फोन लावला.

"घर बघितलं," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघर नाही. सिंक आहे, त्याला पाईप नाही. नवरा खोटं बोलतो, पण बोलता येत नाही त्याला, लगेच पकडला जातो. तेवढं पुरे. शेजारीण खरं बोलते आणि दोष स्वतःवर घेते. अशी शेजारीण तुला तिब्लिसीत मिळायची नाही. ये."

नुगझार भरलेली बादली हातात धरून तसाच उभा राहिला. पाणी जमिनीवर सांडत होतं, आणि त्याला कोणी रागावलं नाही.

मित्रांनो, मला कोणी विसरू नये असं मी म्हणणार होतो, पण माका आल्यापासून मला पुसायला नुगझार, माका आणि पोशेलबाई अशी तीन माणसं असतात आणि माझी कातडी निघायची वेळ आलीय. तेव्हा एवढीच विनंती करतो. आपापल्या सिंकच्या खाली अधूनमधून वाकून बघत जा. पाहुण्यांनी बघण्याआधी आपण बघितलेलं बरं असतं.