दक्षाबेनच्या घरी जाणारी नक्कल

मित्रांनो, मी कॉम्प्युटरवरच्या मेलला दिलेली एक जुनी सूचना आहे. जेमतेम एका ओळीची. 'ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक मेलची नक्कल घरच्या खात्यावर पाठव.' मला हात नाहीत की पाय नाहीत, पण चार वर्षांत माझी एक खेप चुकलेली नाही.

माझा जन्म भावनगरच्या एका महिला आश्रयगृहात झाला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा तिथल्या कारकून दक्षाबेननी मला दोन मिनिटांत तयार केलं. "हाश! आता घरी बसून कामं उरकतील," त्या म्हणाल्या. ते कौतुक मला अजून आठवतं. पुढे सासूबाई हिंडूफिरू लागल्या, दक्षाबेन रोज ऑफिसात येऊ लागल्या आणि मला पार विसरल्या. मी मात्र नकला पोहोचवतच राहिले. पलीकडे कोण वाचत असेल, याचं मला भारी कुतूहल होतं.

परवा एक मेल आला. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या रमीलाला पालिताण्यात खोली आणि शिवणकाम मिळालं होतं. खाली पूर्ण पत्ता होता. मी नेहमीसारखी नक्कल पोहोचवली.

दुपारी दक्षाबेनच्या गल्लीतले झेरॉक्सवाले विपुलभाई धापा टाकत आले.

"बेन, लाइटबिल छापायला घरचं मेलखातं माझ्या कॉम्प्युटरवर उघडता, पण बंद कुठे करता? आज तुमचं बिल शोधताना रमीलाचा पत्ताच उघडला. तिचा नवरा माझं नेहमीचं गिऱ्हाईक, आधार कार्डाच्या नकला काढायला समोरच उभा."

"त्यानं वाचला?"

"काय सांगू? नकला न घेताच गेला."

आश्रयगृहाच्या प्रमुख मृदुलाबेननी शोधाशोध केली आणि त्यांना मी सापडले.

"ही ओळ कुणी घातली?"

"मीच, बेन. विसरलेच होते." दक्षाबेनचा चेहरा एवढासा झाला. मलाही फार वाईट वाटलं.

पालिताण्याची खोली रद्द झाली. तिथल्या खिडकीसाठी रमीलाने पडदा शिवून ठेवला होता. त्याची घडी घालत ती म्हणाली, "दुसरी खोली मिळेल ना? तिलाही खिडकी असेलच की."

आता दक्षाबेन मला पुसून टाकायला बसल्या आहेत. मित्रांनो, तेवढ्यात सांगून घेते. ऑफिसच्या मेलला बाहेरची वाट काढून देऊ नका, आणि कधी काढली असेल तर आजच बुजवा. पलीकडे कोण वाचतं, ते मला एकदाचं कळलं. पण रमीलाचा पडदा खिडकीला लागायचा राहिला.