समुद्र उजव्या हाताला

धुकं होतं. वाळूवर धुकं, पाण्यावर धुकं. दक्षिण अटलांटिकच्या हिमशीतल श्वासाचं शुभ्र, निःशब्द, निर्विकार धुकं. नामिबियाच्या त्या किनाऱ्यावर सकाळ उजाडत नाही, ती हळूहळू निथळत येते. आधी खाडी निथळली, मग खाडीतले रोहित पक्षी: गुलाबी, कृशपाद, नतमस्तक, हजारोंनी चिखल चाळणारे. गाडीतून उतरलेल्या दोघा म्हाताऱ्यांकडे त्यातल्या एकानेही मान वर करून पाहिलं नाही.

मोरेश्वर वैशंपायन आणि इंदुमतीबाई, आंजर्ल्याहून आलेले. पाच वर्षांपूर्वी याच समुद्रात एक मालवाहू जहाज बुडालं आणि त्यावर त्यांचा एकुलता एक हेरंब होता. अकरा जणांचे देह किनाऱ्याला लागले. हेरंबाचा लागला नाही.

समुद्र पोटात काही ठेवत नाही, असं किनाऱ्याची माणसं म्हणतात. इंदुमतीबाईंनी तेवढं एक वाक्य मुठीत घट्ट धरलं. देह आला नाही, म्हणजे माणूस गेला नाही. आणि जित्या माणसाला तिळाचं पाणी द्यायचं नाही. दर सर्वपित्री अमावास्येला मोरेश्वरांची ओंजळ बापाला वाहायची, आज्याला वाहायची, आणि मुलापाशी येऊन थांबायची. आता त्यांना अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली होती, जिना चढताना छातीत कळ येत होती, आणि मुलाला पाणी न देताच आपण मरणार या विचाराने त्यांना भीती वाटत होती. मरणाची नव्हे, त्या राहून गेलेल्या ओंजळीची.

दोघांनी एकमेकांपासून चोरून एकेक वस्तू आणली होती. मोरेश्वरांच्या खिशात तिळाची डबी होती. तिच्या पिशवीत हेरंबाचा निळा स्वेटर होता, कारण इथे थंडी असते असं तिने ऐकलं होतं. आणि आज सर्वपित्री होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग वाळवंट आलं. पीत, ताम्र, रक्तिम वाळू. लाटेमागे लाट, आणि एकाही लाटेला आवाज नाही. कडेवरून वारा वाहत होता आणि कडा कणाकणाने सरकत होती. इथे काहीच उभं राहत नाही, काहीच उगवत नाही, काहीच उरत नाही. मध्यान्ह झाली. "पाय मोकळे करून येतो," असं सांगून मोरेश्वर एका टेकाडाआड गेले.

त्यांनी सदऱ्याची बटणं काढली, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. आश्विनाच्या तोंडावरचं दुपारचं ऊन आंजर्ल्याच्या अंगणात दक्षिणेकडून येतं. साठ वर्षं ते त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले होते. तसेच आजही राहिले. ओठ हलले, अंगठ्याच्या मुळावरून बाटलीतलं, तीळ मिसळलेलं पाणी ओघळलं. वळून पाहिलं तर इंदुमतीबाई टेकाडाच्या माथ्यावर उभ्या होत्या. त्या वळून गाडीकडे चालू लागल्या.

गाडी निघाली. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला रिकामं आकाश. चालवणारा उआझुवा हेरेरो जमातीचा, पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ. "आता सरळ उत्तरेला, सील पाहायला," तो इंग्रजीत म्हणाला. आणि समोरच्या काचेतून ऊन थेट मोरेश्वरांच्या डोळ्यांवर आलं.

"उत्तरेला?" मोरेश्वरांच्या तोंडून निघून गेलं. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस! विषुववृत्ताखाली दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, हे त्यांनी किती पोरांकडून घोकून घेतलं होतं. ज्ञान डोक्यात राहिलं आणि हात सवयीने चालले. लाजेने त्यांचा चेहरा काळवंडला.

इंदुमतीबाईंनी आधी सूर्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पाच वर्षांत बाईंच्या चेहऱ्यावर असा उजेड आला नव्हता.

"अहो, उत्तरेला पितर नसतात," त्या म्हणाल्या. "तुमचं पाणी पोचलंच नाही. तो आहे."

मोरेश्वरांनी डोळ्यांवर हात धरला. तो उजेड विझवायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

सीलांचा किनारा आधी नाकाला कळला. काळेभोर, ओलेचिंब, असंख्य देह. शेळ्यांच्या कळपासारखा अखंड आक्रोश. आणि पायांखाली हाडं, पिढ्यान्‌पिढ्यांची, पांढरी पडलेली. एक मादी लाटांतून वर आली. हाक मारू लागली. एक पिल्लू धावलं. तिने हुंगलं, दात दाखवून हाकललं. दुसरं धावलं, हुंगलं, हाकललं. पुन्हा हाक, पुन्हा हुंगणं, पुन्हा हाकलणं.

"तिचं सापडू दे, मग जाऊ," इंदुमतीबाई कठड्याला धरून म्हणाल्या. तासभर उभ्या होत्या. सापडलं नाही.

"पिल्लू मेलं असेल, तर किती दिवस हाका मारते? विचारा त्याला."

मोरेश्वरांनी विचारलं. "दूध आटेपर्यंत," उआझुवा म्हणाला.

"काय म्हणतो?"

"माहीत नाही म्हणतो."

परतताना स्वाकोपमुंड लागलं. जर्मनांनी वसवलेलं, जर्मनांनी सजवलेलं गाव. ज्या आभाळातून पाऊससुद्धा पडत नाही त्याखाली बर्फ ओघळावा म्हणून बांधलेली उतरती छपरं. नक्षीदार सज्जे, लाल-पांढरा दीपस्तंभ, काचेआड मांडलेले केक. गावाच्या कडेला स्मशान. भिंतीअलीकडे संगमरवर, नावं, तारखा, पंखवाले देवदूत. भिंतीपलीकडे उघड्या वाळूत नुसते उंचवटे. शेकडो उंचवटे, आणि एकावरही नाव नाही.

उआझुवा तिथे थांबला, टोपी काढली. "शंभरावर वर्षांपूर्वी जर्मनांच्या कैदछावणीत मेलेली आमची माणसं. माझे पणजोबा इथेच आणले होते. यांतला त्यांचा उंचवटा कोणता, कुणालाच माहीत नाही. देह कुणी पाहिला नाही. म्हणून ते गेलेच नाहीत, असं कसं म्हणू? आम्ही येतो आणि सगळ्यांवरच वाळू घालतो. वारा नेतो. पुन्हा येतो, पुन्हा घालतो."

तो खाली वाकला आणि दोन्ही हातांनी एका उंचवट्याची ढासळलेली कड सारखी करू लागला. या वेळी मोरेश्वरांनी शब्दन्‌शब्द मराठीत सांगितला.

इंदुमतीबाई बराच वेळ त्या हातांकडे पाहत राहिल्या. चेहऱ्यावरच्या त्या उजेडाचं आता काहीच उरलं नव्हतं. मग त्या वळल्या आणि समुद्राकडे चालू लागल्या. मागून धापा टाकत मोरेश्वर.

सूर्य अजून दोन हात वर होता. पाणी शिशाच्या रंगाचं, फेस राखेच्या रंगाचा.

"डबी काढा," त्या म्हणाल्या.

त्यांनी डबी काढली. झाकण तिनेच उघडलं. चिमूटभर तीळ तिने त्यांच्या तळव्यावर ठेवले आणि दंडाला धरून त्यांना हळूहळू फिरवलं.

"सूर्याकडे बघू नका. समुद्र उजव्या हाताला घ्या. आपल्याकडे असतो तसा."

ते उभे राहिले. समुद्र उजव्या हाताला होता. समोर दक्षिण, रिती, करडी, अंत नसलेली.

"नाव मोठ्यानं घ्या," ती म्हणाली. "मला ऐकू द्या."

त्यांनी नाव घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. बाटलीतलं पाणी ती ओतत होती. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून हुंदका नव्हे, हाक बाहेर पडली. लांबलचक, उघडी, किनारा चिरत जाणारी हाक. तिला कुठूनच उत्तर आलं नाही.

वाळूवरचा ओला डाग लहान होत गेला, लहान होत गेला, आणि नाहीसा झाला.

मग तिने पिशवीतून निळा स्वेटर काढला. पाच वर्षं कुणाला हात लावू न दिलेला. "वारा आहे. घाला," म्हणत तो लहान मुलाला घालावा तसा नवऱ्याच्या डोक्यातून खाली ओढला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत राहिल्या.

हेरंब उंच होता.