डिंपलची भिंत

त्या सनमायक्याचं प्रकरण झालं नसतं, तर डिंपलला ओट्यामागच्या भिंतीची एवढी धास्ती वाटलीच नसती. लग्न होऊन गोंदियाहून देवरीकडच्या या गावात आली, तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं सैपाकघराच्या कपाटाला गुलाबी सनमायका लावायला लावला. वर्षभरात तो ओल धरून असा फुगला की कपाटाचं दार लागेना. झालं! तेव्हापासून घरात मोटार बिघडो की दूध नासो, तिचा नवरा वीरेंद्र हसत हसत म्हणायचा, "हा बी डिंपलचा सनमायका झाला पाह्य." तिलाही हसावं लागायचं, पण आतून जीव जळायचा.

आणि आता नवं सैपाकघर बांधून झालं, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे धुरपताबाईंनी, भर जेवणात सांगून टाकलं, "ओट्यामांगची भित डिंपल पसंत करंल. कोनी मधात बोलाचं नाही." डिंपलनं हातातला घास ताटात ठेवला. कपाट निदान बदलता येतं. सिमेंटनं चिकटवलेल्या टाइल्सची भिंत चुकली, तर ती जन्मभर डोळ्यांसमोर, आणि तिला नाव आपलं!

दोघी सासू-सुना बसनं गोंदियाला गेल्या. धुरपताबाईंच्या पिशवीत स्टीलचा डबा होता. वाटेत खायला काही घेतलं असेल, असं डिंपलला वाटलं.

टाइल्सच्या दुकानात शिरताच डिंपलचे डोळे दिपले. काय एकेक नमुने! दुकानदार भैयाजींनी नखाएवढ्या हिरव्या-निळ्या तुकड्यांची मोझॅक टाइल पुढे केली आणि ती पाघळलीच. कलत्या उन्हात गावच्या तलावाचं पाणी दिसतं ना, अगदी तोच रंग. शेजारी पांढरा संगमरवरही होता, आणि एक मोठी, साधी, चकचकीत साय-रंगाची टाइल होती. तिच्याकडे डिंपलनं धड पाहिलंही नाही.

"हेच घेऊ, मामीजी," ती मोझॅकवर हात ठेवून सासूला म्हणाली.

धुरपताबाईंनी डबा उघडला. आत तेल, हळद, तिखट आणि चिंचेचा कोळ कालवलेला! त्यांनी दोन बोटांनी तो राडा तिन्ही नमुन्यांवर चांगला चोपडला.

"अरे माताजी, ये क्या कर रहे हो!" भैयाजी ओरडले.

"अवो मामीजी, काय करून राहिल्या!" डिंपलला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. दुकानातली गिऱ्हाइकं टकामका पाहत होती.

"काऊन? मासोळी रांधली का भितीवर हेच उडते न?" धुरपताबाई शांतपणे म्हणाल्या. "चाल, चहा पेऊन येऊ. तवरीक मुरू दे."

चहा पिऊन अर्ध्या तासानं त्या परतल्या आणि ओल्या फडक्यानं तिन्ही नमुने पुसले. संगमरवर पिवळाधम्मक! घासूनही डाग हलेना. मोझॅकचे तुकडे लख्ख निघाले, पण त्यांच्यामधली प्रत्येक फट केशरी झाली होती. साय-रंगाच्या मोठ्या टाइलवर मात्र काही घडल्याची खूणच नव्हती. डिंपलनं एका फटीवर नख घासून पाहिलं. आज आपण काय घेऊन निघालो होतो!

"टाइल पाहू नोको, सांधी पाह्य," धुरपताबाई म्हणाल्या. "माह्या बापानं जलमभर तलावाची पार राखली. पानी पारीतून जाये नाही. पार आन् तुडुम जिथं भेटे, तिथून जाये." पार म्हणजे तलावाचा बांध, आणि तुडुम म्हणजे तलावाचं पाणी शेताकडं सोडायचं दार. या बाईचं अख्खं माहेर पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधण्यात गेलेलं. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण नजर बघा! डिंपलला सासूचा इतका अभिमान वाटला की मघाची लाज कुठल्या कुठं पळाली.

"आता पसंत तुही," धुरपताबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

डिंपलनं तशीच मोठी टाइल तलावाच्या रंगात मागितली. भैयाजींनी आतून काढून आणली. चार फूट लांब, दोन फूट उंच. ओटा आठ फुटांचा.

"दो में हो जाएगा, बस एक जॉइंट," भैयाजी म्हणाले.

डिंपलनं मान डोलावली आणि मग एकदम थांबली. तिनं खडू मागून फरशीवर आठ फुटांचा ओटा आखला, त्यावर शेगडी काढली. शेगडी बरोब्बर मधोमध. आणि तो एकुलता एक सांधाही तिथंच!

"असं नाही," ती म्हणाली. "एक अख्खी टाइल शेगडीमांगं मधात. दुसरी मधोमध कापायची, अर्धी इकडं, अर्धी तिकडं."

"म्हंजे एका सांधीच्या दोन झाल्या न वो," धुरपताबाई म्हणाल्या.

"हो, पन दोन्ही तेलापासून दूर, मामीजी. शेगडीमांगं एकबी नाही."

धुरपताबाई उठल्या. खडूच्या रेषांभोवती एक फेरी मारली, पुन्हा एक मारली. मग पिशवीतून पैसे काढून भैयाजींसमोर ठेवले. डागाळलेला संगमरवराचा तुकडाही त्यांना विकत घ्यावा लागला. त्यावर त्या आता घरी लसूण ठेचतात.

भिंत लागली त्या आठवड्यात शेजारच्या सुशिलाबाई पाहायला आल्या. फोडणी नुकतीच उडाली होती. डिंपलनं एक फडकं फिरवलं आणि भिंत पुन्हा पाण्यासारखी हिरवीगार. सुशिलाबाई तोंडात बोट घालून पाहत राहिल्या. वीरेंद्र दारात उभा होता. त्यानं सवयीनं तोंड उघडलं, "हा बी डिंपलचा..."

"हो, डिंपलची भित हाये," धुरपताबाईंनी त्याला मधेच तोडलं. "अशी सांधी बसवाले माह्या बापालेबी सुचलं नसतं."

डिंपल भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि पुसलेलीच जागा पुन्हा पुन्हा पुसत बसली. डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून.